काठाकडचा हिस्सा

नववीच्या भूगोलात ‘बाह्यप्रक्रिया’ हे प्रकरण आले की आम्ही मुलांना भद्रावतीचीच उदाहरणे देतो. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे खडकाला जागच्या जागी फोडतात, ते विदारण. वाहते पाणी तो चुरा खरवडून नेते, ती झीज. पाण्याचा वेग मंदावला की आणलेला गाळ खाली बसतो, ते निक्षेपण. आपल्या कपाशीची काळी माती म्हणजे लाव्हाच्या काळ्या खडकाचा चुरा. मुलताईजवळ उगम पावणारी वर्धा त्याच खडकाच्या मुलखातून गाळ घेऊन येते. पायाखालचा कोळसाही निक्षेपणाचीच देण आहे. सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी दलदलीतल्या वनस्पती नद्यांच्या वाळू-गाळाखाली गाडल्या गेल्या, त्यांचाच हा कोळसा झाला.

मग आम्ही फळ्यावर नदीचे वळण काढतो. बाहेरच्या काठावर धार जोराने आदळते, खालची माती पोखरते आणि वरचा काठ कोसळतो. आतल्या काठाशी पाणी संथ असते, तिथे गाळ साचतो.

2022च्या पुरानंतर हे शिकवत असताना एका मुलीने विचारले, “सर, बाहेरच्या काठावर ज्याचं शेत असेल, त्याने काय करायचं?”

काठावर झाडे लावावीत, अगदी कडेपर्यंत नांगरू नये, असे उत्तर आम्ही दिले. पण आवाज अडखळला. तसे शेत आमच्या आपाचे होते.

अब्बांच्या इंतकालनंतर वाटणी झाली. आम्ही दोघेच भावंडे. भावाचे दोन हिस्से, बहिणीचा एक. मोजमापात शरीअतप्रमाणे काहीच चूक नव्हती. मात्र रस्त्याकडची जमीन आम्ही घेतली आणि नदीकडची आपाला दिली. “गाळाची जमीन आहे, पाणीही जवळ,” असे तिला सांगितले. तो वळणाचा बाहेरचा काठ आहे, हे भूगोलाच्या शिक्षकाला ठाऊक नव्हते, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? जुलैच्या पुरात काठ खचला. बाभळी गेल्या, कपाशीच्या ओळी गेल्या. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहिले, जमिनीवर मात्र कमी झाले.

त्याच रविवारी आम्ही आपाकडे गेलो. माफी मागितली आणि म्हणालो, “पुन्हा वाटणी करू. दोघांचेही पट्टे रस्त्यापासून नदीपर्यंत जातील. नदी नेईल ते दोघांचं नेईल.”

आपा थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला पहिल्याच पावसाळ्यात दिसलं होतं रे. पण जमिनीसाठी भावाशी कुठे भांडायचं?”

ती रागावली असती तर बरे वाटले असते. किती घरांत बहिणींच्या अशा गप्प राहण्यालाच आपण राजीखुशी समजतो!

सूरह रअदमध्ये पुराचा दाखला आहे: फेस वाहून जातो आणि लोकांच्या उपयोगाचे असते ते जमिनीत टिकते. हा दाखला आम्ही वर्गात अनेकदा सांगितला होता, स्वतःला कधी लावला नव्हता. हिस्सा देताना नुसते गुंठे मोजून भागत नाही. रस्ता, विहीर, काठ हेही मोजावे लागते.

मोजणी झाली, नवा धुरा पडला. आपाचा मुलगा आणि आम्ही मिळून काठावर बांबू लावला आहे. मुळांनी माती धरली की झीज मंदावते. पूर्ण थांबत नाही, म्हणून दर पावसाळ्यानंतर दोघे मिळून काठ पाहून येतो.