बातमी पोचलीच नाही!

मैत्रिणींनो, पोळी उलटताना तव्याचा चटका बसतो तेव्हा काय होतं, आठवून पाहा. हात आधी मागे येतो आणि 'आई गं' नंतर निघतं. कारण हात मागे घेण्याचा हुकूम मेंदू देतच नाही. तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून परस्पर सुटतो. मेंदूला बातमी मागाहून कळते, तीही दोन हप्त्यांत. पहिली कळ आणणारे मज्जातंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर पळतात. मागून येणारी ती चरचर मात्र फार बारीक तंतूंवरून येते, सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर. एक्स्प्रेस आणि पॅसेंजरच म्हणा ना! पायाला ठेच लागली की ही पॅसेंजर डोक्यापर्यंत पोचायला सेकंदभर सहज लागतो.

स्पर्शाची गाडी या दोन्हींहून जलद. म्हणून तर मार लागलेली जागा आपण चोळतो. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे निरोप आले की ते दुखण्याच्या निरोपांना थोडंफार अडवतं. (आपल्या आज्या हे केव्हापासून करीत होत्या, पण त्यांना कोण विचारतो!)

मिरचीची गंमत आणखी वेगळी. ठेचा केल्यावर हात भगभगतात, पण भाजलेले नसतात. साधारण ४३ अंशांच्या वर उष्णता गेली की त्वचेतलं जे दार उघडतं, तेच मिरचीनंही उघडतं. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूनं हे शोधलं, आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मिरचीतला तो पदार्थ पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेव्हा हाताला आधी तेल चोळा, मग साबण लावा.

हे सगळं मी आठवीच्या मुलींना शिकवते, अर्धवेळ का होईना. पण पुस्तकातला तो धडा घरात अवतरला तो माईंमुळे, म्हणजे माझ्या सासूबाईंमुळे. त्यांना चौदा वर्षं मधुमेह आहे. एका संध्याकाळी फरशीवर लाल ठिपके दिसले. माग काढला तर थेट माईंच्या टाचेपाशी! काचेचा तुकडा रुतलेला, आणि त्या निवांत वाती वळत बसलेल्या.

"अगं, दुखत नाही ते बरंच की," म्हणाल्या.

माझ्या पोटात गोळाच आला. साखर वाढलेली राहिली की सर्वांत लांब मज्जातंतू आधी बिघडतात, म्हणून तळपायाची बातमी पहिल्यांदा बंद पडते. डॉक्टरांनी तळव्याला नायलॉनचा दोरा टोचून पाहिला, घोट्याला कंप पावणारा चिमटा लावून पाहिला. माईंना काहीच कळलं नाही. जखम भरायला दोन महिने लागले.

आता रोज रात्री मी त्यांचे पाय पाहते, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. ऊन पाण्याची पिशवी बंद. अंघोळीचं पाणी दुसऱ्या कुणीतरी हात घालून पाहायचं. तुमच्या घरी मधुमेहाचं माणूस असेल तर वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या.

अनवाणी वावरणं मात्र सुटता सुटत नाही. घरातल्या कापडी चपला माई एरवी घालतात, पण देवघराच्या उंबऱ्यापाशी काढतातच. तेव्हा तिथली फरशी रोज सकाळी मीच तळहात फिरवून पाहते.