सुनावणीचा अर्ज

बसचा मार्ग बदलल्याची वार्ता बहुधा थांब्यावरच कळते. नेहमीच्या वेळी माणूस येऊन उभा राहतो, पाच मिनिटे जातात, पंधरा जातात आणि मग शेजारचा पानवाला सहानुभूतीने सांगतो की, ती गाडी आता इकडून येत नाही. निर्णय कोणी घेतला, केव्हा घेतला, कशासाठी घेतला, हे पानवाल्याला ठाऊक नसते. ठाऊक असण्याचे कारणही नाही, कारण त्यालाही कोणी विचारलेले नसते.

लखनौसारख्या शहरात ही गोष्ट किरकोळ नव्हे. उत्तर प्रदेशात सरकारी प्रवासी बससेवेचा प्रारंभच या शहरातून झाला. १५ मे १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी, लखनौ ते बाराबंकी या मार्गावर सरकारी रोडवेजची पहिली बस धावली. पुढे सरकारने एकेक मार्ग आपल्या हाती घेण्यास सुरुवात केली. तोवर त्या मार्गांवर पोट भरणारे खाजगी बसमालक रस्त्याबाहेर फेकले जाऊ लागले. बुलंदशहर ते दिल्ली या मार्गाचा असाच एक तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५४ साली ‘सगीर अहमद’ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने उत्तर प्रदेशचा १९५१ चा रस्ते वाहतूक कायदा टिकू दिला नाही. सार्वजनिक रस्ता ही शासनाची खाजगी मिळकत नाही, हा त्या निकालातला विचार आजही ताजा वाटतो.

या निकालानंतर, १९५६ साली, मोटार वाहन कायद्यात एक नवे प्रकरण घालण्यात आले. मार्ग शासकीय उपक्रमाकडे द्यावयाचा असेल, तर आधी योजना प्रसिद्ध करावी, हरकती मागवाव्यात आणि हरकत घेणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे त्यात ठरले. कागदावर ही व्यवस्था चोख होती. मात्र ऐकून घेणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तीनच वर्षांत उभा राहिला.

आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्याचे ते प्रकरण होते. बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाला खाजगी मालकांनी हरकत घेतली होती. सुनावणी झाली, वकिलांनी युक्तिवाद केले. पण ते सारे ऐकले वाहतूक खात्याचे काम पाहणाऱ्या सचिवांनी, आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. ‘गुल्लापल्ली नागेश्वर राव’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही सुनावणीच अवैध ठरवली. ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा असेल, तर समोरासमोरच्या सुनावणीला अर्थ उरत नाही. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव, त्याचा अडखळणारा किंवा ठाम स्वर, प्रश्न विचारताच मिळालेले उत्तर यांतले टिपणात फारच थोडे उतरते. शिवाय ज्या खात्याच्या योजनेवर आक्षेप आहे, त्याच खात्याचा प्रमुख अधिकारी न्यायासनावर बसला, तर तो आपल्याच प्रकरणाचा न्यायाधीश होतो. पुढे मंत्र्यांनी स्वतः सुनावणी घेतली, तेव्हाचा निर्णयही बसमालकांच्या विरुद्धच गेला आणि तो न्यायालयात बव्हंशी टिकला. हे सांगणे आवश्यक आहे, कारण सुनावणी मिळाली म्हणजे मागणी मान्य झाली, असा समज सर्रास आढळतो.

‘सुनावणी’ हा शब्दही गमतीचा आहे. हिंदीत ‘सुनना’ म्हणजे ऐकणे, आणि ‘सुनवाई’त ऐकणाऱ्याला महत्त्व आहे. मराठीत मात्र आपण ‘सुनत’ नाही, ऐकतो. ‘सुनावणे’ तेवढे करतो, आणि त्याचा रूढ अर्थ ‘चार शब्द फटकारून सांगणे’ असा आहे. त्यामुळे मराठी माणूस सुनावणीला निघतो तेव्हा थोडा बाह्या सरसावूनच निघतो. लखनौची रीत वेगळी. ‘पहले आप’ म्हणून दुसऱ्याला पुढे करणारे हे शहर तक्रारसुद्धा अदबीने करते. एका परीने सुनावणीचा अर्ज हेही सरकारला उद्देशून म्हटलेले ‘पहले आप’च असते: आधी आपण ऐका, मग ठरवा.

आज कायदा काय देतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार शासकीय उपक्रमाच्या योजनेचा प्रस्ताव राजपत्रात आणि त्या भागातील प्रादेशिक भाषेच्या किमान एका वृत्तपत्रात प्रसिद्ध करावा लागतो. त्यावर कोणतीही व्यक्ती तीस दिवसांत हरकत घेऊ शकते. ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द मोलाचे आहेत. बसमालक असण्याची अट नाही, रोज उभ्याने प्रवास करणारी परिचारिकाही त्यात आली. प्रस्ताव एका वर्षात मंजूर झाला नाही, तर तो आपोआप रद्द ठरतो.

पण खरी अडचण याच्या पलीकडे आहे. ही तरतूद आहे मार्ग ताब्यात घेण्याच्या योजनेसाठी. चार फेऱ्यांच्या दोन करणे, वळसा टाळण्यासाठी एक वस्ती वगळणे, थांबा अर्धा किलोमीटर पुढे नेणे हे बदल बहुधा योजना या शब्दात बसत नाहीत. ते कचेरीत ठरतात आणि थांब्यावर प्रकटतात. १९३९ च्या जुन्या कायद्यात निदान प्रवासी वाहतुकीचे परवाने जाहीर सुनावणीत निकाली काढण्याची पद्धत होती. नव्या कायद्याने परवाने सुलभ करताना ती गाळली. जुने मालक हरकतींचा उपयोग नव्या माणसाला अडवण्यासाठी करीत, हे खरेच. त्यांना तशी हरकत घेण्याचा हक्क उरलेला नाही, असे उत्तर प्रदेशातल्याच मिथिलेश गर्ग प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. मक्तेदारांची अडवणूक संपली ते बरेच झाले, पण त्याच दारातून प्रवासीही बाहेर गेला, याची फारशी वाच्यता झाली नाही. अमेरिकेत केंद्राचे अनुदान घेणाऱ्या शहरी वाहतूक संस्थांना भाडेवाढ किंवा मोठी सेवाकपात करण्यापूर्वी लोकांची मते मागवावी लागतात. आपल्याकडे शहरातल्या बसप्रवाशासाठी असे सरळ कलम शोधावे लागते.

शोधल्यास एक वाट सापडते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचे चौथे कलम सांगते की, लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यांमागील सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करावीत आणि बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे द्यावीत. सुनावणीची सक्ती यात नाही, कारणांची आहे. आणि कारणे हाती आली की सुनावणी मागण्यास जमीन मिळते.

लखनौला या जमिनीची गरज आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि मार्च २०१९ मध्ये विमानतळ ते मुन्शी पुलिया हा सुमारे २३ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. हजरतगंज, आलमबाग, इंदिरानगर त्यावर आले. पण अमीनाबाद, चौक, वैद्यकीय विद्यापीठाचे मोठे रुग्णालय असा जुन्या शहराचा गाभा बाजूला राहिला. तेथून जाणाऱ्या चारबाग ते वसंतकुंज या ११ किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने १२ ऑगस्ट २०२५ रोजी मान्यता दिली. मान्यता आणि गाडी यांमध्ये वर्षे असतात. तोवर आणि त्यानंतरही बस, टेंपो व ई-रिक्षा यांच्यावरच गल्लीबोळांची मदार राहणार. रुग्णाला घेऊन चौकात जाणाऱ्या बाईला बस चुकली, तर दोनदा ई-रिक्षा बदलावी लागते. तो जादा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून अर्ज लिहायचा तो असा लिहावा की तो दिसावा. ‘जनतेची फार गैरसोय होत आहे’ या वाक्याने कोणत्याही फायलीचे पान हलत नाही. मार्ग कोणता, बदल कोणत्या तारखेपासून, पहिली आणि शेवटची गाडी पूर्वी किती वाजता होती, आता किती वाजता आहे, त्या वेळेला थांब्यावर किती माणसे असतात, हे सलग सात दिवस मोजून लिहावे. रिकाम्या जाणाऱ्या गाड्यांचीही नोंद प्रामाणिकपणे करावी. डिझेल, चालक आणि गाड्या या तिन्हींची टंचाई प्रशासनापुढे असू शकते, तिचा अनुल्लेख करणारा अर्ज अर्धाच राहतो. सह्या घेताना शाळकरी मुलांच्या पालकांबरोबर मंडईतल्या हमालांचीही सही असावी, कारण पहाटेची पहिली बस हमालांचीच असते.

मागणी नेमकी असावी. मार्ग पूर्ववत करा, ही तक्रार झाली. ठरवण्यापूर्वी आमचे ऐका, हा सुनावणीचा अर्ज. त्यात निर्णय घेणारा अधिकारीच उपस्थित राहावा, असे लिहावे. कारणे लेखी द्यावीत, असे लिहावे. सुनावणी कामाच्या दिवशी दुपारी नको, रोजंदारीवाल्याला ती परवडत नाही, हेही लिहावे. आणि सुनावणीची जागा अशी मागावी की जेथे त्या वगळलेल्या वस्तीतल्या माणसांना बसने पोहोचता येईल.