जोड

सातवीच्या वर्गाची रेघोट्यांनी भरलेली भिंत झाकायची होती. मी मुलींना विल्यम मॉरिसच्या 1864 साली बाजारात आलेल्या 'ट्रेलिस' वॉलपेपरबद्दल सांगितलं. जाळीवर गुलाब, पक्षी. नासपतीच्या लाकडाचे ठसे, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, एक रंग वाळला की दुसरा. आमच्याकडे होते बटाटे आणि पोस्टर कलर.

छापलं खरं, पण कागद शेजारी लावला की वेल कडेला तुटायची. मागच्या बाकावरची, गणितात कच्ची मुलगी पुढे आली. तिने नक्षीचा चौकोन मधोमध उभा कापला, डावा भाग उजवीकडे ठेवला आणि मधल्या जोडावर वेल पुरी केली. "टीचर, इकडून बाहेर गेलेली वेल तिकडून आत यायला हवी." मग शेजारचा पट्टा कडेला कड जुळवून लावला. जोड सापडेना.

बी.एड.ला 'कृतीतून शिक्षण' यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. तिच्या वहीत 'लक्ष नसते' हा शेराही मीच मारला होता.

सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. मी घरी गेले. "आगे पढके क्या करेगी, टीचर?" अब्बा म्हणाले. मी तिचा कागद पुढे केला. ते शिंपी, शिवणीवर छाप जुळवण्यात हयात गेलेली. त्यांनी कडेला कड लावून पाहिली. पुन्हा पाहिली.

"ये इसने किया?"

सोमवारी हजेरीत तिचं नाव पुकारलं. "हाजिर," मागून आवाज आला. शेरा मात्र तिच्या जुन्या वहीत अजून तसाच आहे.