मांस, मशाल आणि लांडगा

शत्रू समोर आला की दोनच मार्ग उरतात, असे आपण समजतो. एक लढण्याचा आणि दुसरा पळण्याचा. पण आणखीही एक मार्ग असतो. तो मला एका व्हिडिओ खेळातील लांडग्यांमुळे कळला.

त्या खेळाचे नाव 'द लाँग डार्क', म्हणजे दीर्घ काळोख. कॅनडातील हिंटरलँड या स्टुडिओने तो तयार केला. 2014 साली त्याचे पहिले रूप खेळाडूंच्या हाती आले आणि 2017 साली तो रीतसर प्रसिद्ध झाला. उत्तर कॅनडातील ग्रेट बेअर नावाच्या एका काल्पनिक बेटावर हा खेळ घडतो. भूचुंबकीय वादळामुळे तिथली वीज गेली आहे. दिवे बंद, मोटारी बंद. जिकडे पाहावे तिकडे बर्फ आणि त्या बर्फात आपण एकटे! थंडी, भूक, तहान आणि थकवा यांना तोंड देत एकेक दिवस काढायचा. एकदा मेलो की तो डाव कायमचा संपतो. मग पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

हा खेळ मला माझ्या भाच्याने शिकवला. तो नववीत शिकतो. "मामू, यात भुते नाहीत, राक्षस नाहीत. फक्त थंडी आहे आणि लांडगे आहेत," असे त्याने मला आधीच सांगून ठेवले होते.

लांडगा म्हणजे उर्दूतला भेडिया. या खेळातला लांडगा सहसा एकदम झडप घालत नाही. आधी त्याचे भुंकणे ऐकू येते. मग तो मान खाली घालून हळूहळू आपल्या मागे येऊ लागतो. आपल्याजवळ कच्चे मांस असेल तर त्याचा वास वाऱ्याबरोबर दूरवर जातो आणि लांडग्याला आपला माग लागतो. म्हणून या खेळात डोळ्यांइतकेच कान उघडे ठेवावे लागतात. वारा कोणत्या दिशेने वाहतो, तेही पाहावे लागते. लांडगा दिसला की वाकून, झाडांच्या आडून निघून जाणे सर्वांत चांगले.

माझ्या भाच्याला मात्र असे लपणे आवडत नसे. एकदा एका लांडग्याने त्याच्या खेळाडूला खाली पाडले. पडद्यावर नुसता जबडाच दिसत होता! भाचा माउसचे बटण भराभर दाबत सुरीने वार करू लागला. अखेर लांडगा विव्हळत पळाला. "जिंकलो!" भाचा ओरडला. पण खेळाडूच्या हातातून रक्त वाहत होते. त्याने कापडाची पट्टी बांधली, रक्त थांबले. जखमेवर लावायला जंतुनाशक मात्र नव्हते. अंगावरचा कोट फाटला होता आणि त्यातून थंडी आत शिरत होती. जवळपास आसरा नव्हता. त्याच रात्री हिमवादळ सुटले आणि 27 दिवस टिकलेला डाव संपला. लांडग्याशी झालेली लढाई भाच्याने जिंकली होती, पण लढाईनंतर जगायला त्याच्याजवळ काहीच उरले नव्हते.

नंतर माझी पाळी आली. खेळात 'मिस्ट्री लेक' नावाचा एक गोठलेला तलाव आहे. त्याच्या काठावर एक लाकडी कार्यालय आहे. तिथेच मी मुक्काम केला होता. एका संध्याकाळी हरणाचे मांस घेऊन मी तलावावरून परतत होतो. ते माझे दोन दिवसांचे अन्न होते. इतक्यात मागून भुंकणे ऐकू आले. मी वळून पाहिले. करड्या रंगाचा एक लांडगा बर्फावरून माझ्याकडे येत होता. माझ्या बंदुकीत एकच गोळी होती.

"मामू, गोळी घाला!" भाचा म्हणाला.

"आणि नेम चुकला तर?" मी विचारले.

मी मांसाचा एक तुकडा बर्फावर टाकला आणि चालू लागलो. लांडगा थांबला. त्याने तुकडा हुंगला आणि तो खाऊ लागला. त्याचे माझ्याशी वैर नव्हतेच. त्याला भूक लागली होती, जशी मलाही लागली होती.

पण काठाजवळ दुसरा लांडगा उभा होता. आता मी काडी ओढून मशाल पेटवली आणि त्याच्यासमोर धरली. तो गुरगुरला, पण पुढे आला नाही. वारा वाढला असता तर मशाल विझली असती. एकेक पाऊल टाकत मी दारापर्यंत पोहोचलो, आत शिरलो आणि दार लावून घेतले. निम्मे मांस गेले होते, पण अंगावर ओरखडाही नव्हता.

"मामू, तुम्ही एकही लांडगा मारला नाही!" भाचा निराश होऊन म्हणाला.

"आणि एकाही लांडग्याने मला मारले नाही," मी म्हणालो. तो क्षणभर गप्प बसला, मग हसला.

खेळातला लांडगा आणि खरा लांडगा यांत मोठा फरक आहे, हेही सांगायला हवे. खरा लांडगा बहुधा कुटुंबाने, कळप करून राहतो आणि शक्यतो माणसाला टाळतो. कॅनडाच्या रानात त्याने माणसावर हल्ला केल्याच्या घटना फार थोड्या आहेत. तरीही तो समोर आलाच, तर पळू नये. तो ताशी 50 किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकतो. त्याच्याकडे तोंड करून ताठ उभे राहावे, मोठ्याने आवाज करावा आणि हळूहळू मागे सरकावे. आपल्या महाराष्ट्रातही पुणे, सोलापूर भागांतील माळरानांवर लांडगे आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे.

भाचा अजूनही हा खेळ खेळतो. आता लांडग्याचे भुंकणे ऐकू आले की त्याचा हात आधी सुरीकडे जात नाही. तो वारा पाहतो, मशाल पाहतो आणि पिशवीतले काय टाकून देता येईल ते पाहतो. जवळची वस्तू सोडून द्यायलाही हिंमत लागते, आणि कधी कधी ती सुरी चालवण्याच्या हिमतीहून मोठी असते.