शोध कुठवर घ्यायचा?

किल्ली खिशात नसली तर माणूस घरात पाहतो, घरात नसली तर शेजारी विचारतो; पण म्हणून कोणी अख्ख्या शहापुरात दारोदार हिंडत नाही. कुठे थांबायचे हे माणसाला उपजत कळते. संगणकाला मात्र ते शिकवावे लागते.

मी कॉमर्सचा विद्यार्थी. रोजकीर्द आणि खतावणी ही माझी दुनिया. पण बी. सी. ए. करणाऱ्या माझ्या एका कन्नडभाषक मित्राने यंदा एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि मी त्यात ओढला गेलो. मराठी व कन्नड लेखांच्या फायली घेऊन त्यांची छापण्याजोगी पाने बांधायची, हे त्याचे काम. कोणता टंक, पानाचा आकार केवढा, आकडे कोणत्या लिपीत, हे सारे एका सूचनांच्या फायलीत लिहायचे. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. प्रोग्रॅमने ती कुठे शोधायची, यावर आमचे चार दिवस वाद झाले.

प्रश्न जुनाच आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये 'मेक' हे साधन लिहिले. त्याची 'ग्नू' आवृत्ती आपण ज्या फोल्डरात उभे असू तिथेच सूचनांची फाइल पाहते. आपण होऊन वरच्या फोल्डरात जात नाही. रस्ट भाषेचे 'कार्गो' मात्र जिना चढते. त्याला वाटेत जितक्या कॉन्फिग फायली सापडतील तितक्या ते एकत्र करते, आणि एकाच गोष्टीबद्दल दोन निराळी मूल्ये निघाली तर जवळच्या फायलीचे धरते.

मित्राला हीच रीत पसंत. "मोदलु मने, आमेले ऊरु," तो म्हणाला. आधी घर, मग गाव. पानाचा आकार दोन्ही विभागांना सारखा, तो वरच्या फायलीत; टंक आणि आकडे ज्याचे त्याच्या फोल्डरात. शाखेची वही वेगळी आणि मुख्य कचेरीची वेगळी, हे मला लगेच पटले.

धास्ती होती ती चढण कुठे संपणार याची. 'गिट' हेही आपले फोल्डर असेच वर वर चढत शोधते. अनेकजण वापरतात त्या संगणकावर, वरच्या सामायिक जागेत कोणी आपले तसले फोल्डर ठेवले, तर गिट त्यातल्या सूचना प्रमाण मानून भलत्याचेच हुकूम चालवू शकत असे. एप्रिल २०२२ मध्ये २.३५.२ या आवृत्तीपासून ते फोल्डरची मालकी तपासू लागले. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले संगणक सामायिकच असतात, तेव्हा ही गोष्ट आम्हाला परकी नव्हती.

दुसरी अडचण हिशेबाची. चार फायलींतून सूचना गोळा झाल्या, तर अमुक टंक आला कुठून हे कोण सांगणार? व्हाउचरशिवाय नोंद मान्य करू नये, असे आम्हाला ऑडिटिंगमध्ये शिकवतात. प्रत्येक सूचना कोणत्या फायलीतून आली ते दाखवण्याची सोय गिटमध्ये आहे. तशी आपल्यातही हवी, हा माझा हट्ट मित्राने मान्य केला.

मग आम्ही ठरवले ते असे. प्रोग्रॅम आधी विभागाच्या फोल्डरात पाहील, मग वर चढेल. ज्या फायलीत 'हद्द संपली' असे लिहिले असेल तिथे थांबेल. 'एडिटरकॉन्फिग'मध्ये अशी खूण आधीपासून आहे. हद्द सापडलीच नाही, तर काम न करता तसे सांगेल.

राहिला एकच मुद्दा, आणि तोच मला सर्वांत मोठा वाटला. विभागाची फाइल नसेलच, तर आकडे कोणत्या लिपीत छापायचे? वरच्या फायलीत काहीतरी लिहून ठेवणे सोपे होते. पण मराठी लिहिले तर कन्नड पानावर मराठी आकडे उमटणार, कन्नड लिहिले तर उलटे. आणि तेही कोणी काही न ठरवता, गुपचूप. म्हणून भाषेची सूचना वरच्या फायलीत लिहायचीच नाही, असे आम्ही दोघांनी एकमताने ठरवले. ती नसेल तर प्रोग्रॅम थांबेल आणि विचारील. थोडा वेळ जाईल, पण उत्तर ज्याचे त्याने दिलेले असेल.