जो जास्त ओरडतो, त्याचा हप्ता आधी

नोकरी गेलेल्या घरात हप्ते एका ठरावीक क्रमानं भरले जातात. ज्याचा फोन दिवसातून सगळ्यात जास्त वेळा येतो, जो सगळ्यात वाईट बोलतो, त्याचे पैसे आधी जातात. घर ज्या बँकेकडे तारण आहे ती बँक एक साधं पत्र पाठवते आणि ते पत्र कपाटात जाऊन पडतं. पतपेढी तर जामीनदाराच्या पगारातून वसूल करते, त्यामुळे तिचा फोनही येत नाही. थकलेल्या कर्जदारांसोबत बसण्याचं जे काम मी करते, त्याचा मोठा भाग हा क्रम बदलण्यात जातो.

मी आधी बँकेत होते. कर्जमंजुरी पाहिली, नंतर वसुलीही पाहिली. तारण नसलेल्या कर्जाचा वसुलीवाला इतका जोर का लावतो, हे तिथेच कळलं. त्याच्या हातात दुसरं काही नसतं. ज्याच्याकडे घराचे कागद आहेत, त्याला आवाज चढवायची गरज पडत नाही.

चाकणच्या एका कारखान्यातून कमी केलेले सुपरवायझर आणि त्यांची पत्नी माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, अर्धी पाकिटं न फोडलेली. बोलत होत्या त्या. ते खाली बघून बसले होते. तेवढ्या वेळात त्यांचा फोन चार-पाचदा वाजला.

"मॅडम, ह्यांनी पीएफ काढायला टाकलाय. आला की ॲपवाल्यांचं एकदाचं मिटवून टाकतो. नातेवाइकांना फोन करतात हो ते."

मी एक मोठा कागद घेतला आणि रकाने आखले. बाकी किती, हप्ता किती, व्याज किती, तारण काय, सही कोणाकोणाची. शेवटचा रकाना रुंद ठेवला: नाही भरला तर नक्की काय होईल आणि कधी. पिशवीतली पाकिटं एकेक करून फोडली. घरकर्ज सोळा लाख, हप्ता एकोणीस हजार. पतसंस्थेचं तीन लाख, जामीनदार दोन, दोघंही त्याच कारखान्यातले. सोनं गहाण ठेवून नव्वद हजार. क्रेडिट कार्डाचे एक लाख चाळीस हजार. तीन ॲपचे मिळून पासष्ट हजार. नोकरी गेल्यापासून सर्वांत जास्त पैसे भरले गेले होते ते ॲपना, आणि त्यासाठी आधीच्या ॲपचे पैसे नव्या ॲपकडून घेतलेले.

मग शेवटचा रकाना भरायला लागलो. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए होतं. त्यानंतर घरकर्जाला २००२ चा सरफेसी कायदा लागतो. कलम १३(२) ची नोटीस येते आणि ६० दिवसांची मुदत मिळते. त्या मुदतीत लेखी म्हणणं मांडलं, तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. न्यायालयात न जाताही बँक घराचा ताबा घेण्याकडे जाऊ शकते, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ताब्याची पावलं पडल्यावर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते; पण तिथवर वेळ येऊ द्यायची नाही, यासाठीच तर सारी धडपड.

पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेते आणि वसुली अधिकारी थेट कामाला लागतो. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे पैसे कोणाकडून आधी मागायचे हे संस्था ठरवते. सोन्याचा लिलाव तर घरापेक्षा खूपच लवकर होतो. निदान व्याज भरत राहिलं, तर बहुतेक ठिकाणी मुदत वाढवून मिळते.

कार्ड आणि ॲपच्या ओळींपुढे काय लिहायचं, हे त्यांना सुचेना. "पोलीस?" त्यांनी विचारलं. नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस धरून नेत नाहीत. तो दिवाणी मामला आहे. पण दिलेला चेक परत गेला तर परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८, आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्यानं परत गेला तर २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ लागू शकतं. म्हणून वकिलाची नोटीस आली की तारीख टाकून ठेवायची आणि १५ दिवसांच्या आत हालचाल करायची. या कर्जांचं व्याज चढतं, पत-अहवाल बिघडतो, दावाही होऊ शकतो. यातलं काहीच किरकोळ नाही. पण घर जाणं किंवा मित्राच्या पगारातून कपात होणं यांच्या पंक्तीतही ते बसत नाही.

आता पीएफ. भविष्य निर्वाह निधी जोवर खात्यात आहे तोवर कायद्यानं त्याला जप्तीपासून संरक्षण दिलं आहे. कुठल्याही सावकाराला, बँकेला त्यावर हात टाकता येत नाही. तोच पैसा काढून ज्याच्याकडे काहीच तारण नाही त्याच्या हवाली करायचा, हा सगळ्यांत महाग सौदा मी फार घरांत पाहिला आहे. पत्नी सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर तिच्या स्त्रीधनाचंही तेच. नवऱ्याच्या कार्डाच्या बिलासाठी ते जप्त होत नाही, तरी पहिल्या महिन्यात घराबाहेर पडतं ते तेच. पीएफचा अर्ज त्यांनी त्याच दिवशी मागे घेतला.

आणखी एक गोष्ट बदलली. पगाराचं खातं आणि कार्ड एकाच बँकेचं होतं. अशा खात्यातून बँक आपलं येणं वळतं करून घेऊ शकते. कंपनीकडून येणारा हिशेबाचा पैसा दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जाईल, असं पत्र त्यांनी कंपनीला दिलं. घरखर्च, वीजबिल, मुलीची फी आणि आरोग्य विम्याचा हप्ता आधी काढून ठेवला. उरलेल्यातून घरकर्ज, मग पतसंस्था, मग सोन्याचं व्याज. कार्डाला आणि ॲपना परिस्थिती सांगणारं पत्र, ईमेलनं, पोच ठेवून.

यानंतर मी त्यांना जामीनदारांना फोन लावायला सांगितलं. याला ते तयार नव्हते. बराच वेळ गेला. मग माझ्यासमोरच त्यांनी एकाला फोन लावला आणि म्हणाले, "भाऊ, सोसायटीचं पत्र तुला येईल. त्याआधी मीच सांगतोय. निम्मा हप्ता मी भरणार आहे, दर महिन्याला पावती तुला पाठवतो." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

बँकेकडे जायचं ते हप्ता चुकण्याआधी, फार तर पहिला चुकल्यावर. ९० दिवसांच्या आत शाखेला करण्यासारखं काही उरलेलं असतं: मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज घेणं. हे देणं बँकेवर बंधनकारक नाही, आणि पुनर्रचनेची नोंद पत-अहवालात राहते, हेही मी आधीच सांगते. त्यांच्या बँकेनं दोनदा कागद परत पाठवले. तिसऱ्यांदा सेवासमाप्तीचं पत्र, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि आमचा तो रकान्यांचा कागद जोडला, तेव्हा हप्ता वर्षभरासाठी उतरला.

वसुलीवाल्यांसाठी रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये घालून दिलेले नियम मी छापूनच देते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही, धमकी नाही, नातेवाइकांत बदनामी नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मोबाइलमधली नावांची यादी उचलणारं ॲप मुळातच नियमाबाहेरचं आहे. फोटो मॉर्फ करून धमकावत असतील तर थेट सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा क्रमांक लावायचा.

आणि मी प्रत्येकाला एक प्रश्न थेट विचारते: जीव नकोसा वाटतो का? आडून विचारलं तर उत्तर मिळत नाही. होकार आला, तर रकाने बाजूला ठेवून आधी १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन लावून देते. कर्जाचं काम दुसऱ्या दिवशीही होतं.

अशी मदत मोफत मिळायला हवी, हे धोरण म्हणून आपल्याकडे मान्य झालेलं आहे. बँक ऑफ इंडियानं मुंबईत 'अभय' केंद्र काढलं, २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशा समुपदेशन केंद्रांची योजना आखली. २०१२ मध्ये तिला वित्तीय साक्षरता केंद्रांचं रूप मिळालं आणि भर गेला शिबिरांवर. खातं कसं उघडावं हे शिकवणं आवश्यकच आहे. पण पिशवीतली पाकिटं फोडायला कोणाबरोबर तरी दोन तास बसणारा माणूस जिल्ह्यात शोधावा लागतो, याचा मला मनापासून राग येतो. ही जागा रिकामी राहिली म्हणून 'कर्ज निम्म्यात मिटवून देतो' म्हणणारे धंदेवाईक तिथे शिरले. ते आधी फी घेतात, सगळे हप्ते बंद करायला सांगतात. त्यात घराचा हप्ताही बंद होतो. त्यापेक्षा अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे वित्तीय साक्षरता केंद्राचा पत्ता विचारा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असतं (क्रमांक १५१००). स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खासगी सावकार असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जायचं. त्या कायद्यानं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही, आणि बळकावलेली जमीन परत मिळवण्याचीही सोय त्यात आहे.

त्या जोडप्याला कार्डासाठी लोकअदालतीची नोटीस आली. तोवर त्यांना कमी पगाराची का होईना, नोकरी लागली होती. लोकअदालतीत सही केलेला आकडा हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. म्हणून महिन्याला किती झेपेल हे आम्ही आदल्या आठवड्यात बसून काढलं, आणि त्याहून मोठा आकडा आला तर सही न करता परत यायचं ठरवलं. पहिला आकडा मोठाच होता. ते उठायला लागले, तसा तो खाली आला, नऊ हप्ते मिळाले. ताईंनी सहीआधी कागदावर 'पूर्ण व अंतिम' हे शब्द घालून घेतले. शेवटचा हप्ता भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला घेतला आणि वर्षातून एकदा मोफत मिळणारा पत-अहवाल मागवला. त्यात अजून जुनी थकबाकीच दिसत होती. दुरुस्तीची तक्रार त्यांनी स्वतःच टाकली. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा नियम त्यांनी मला फोनवर वाचून दाखवला.