तान्ह्या पोळ्याची दोन पत्रे

धरमपेठ, नागपूर
श्रावण अमावास्या

तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

महाराष्ट्र एक्सप्रेसने काल येथे सुखरूप पोहोचलो. गाडीत वर्ध्याकडचे एक शेतकरी भेटले. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळून, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्यांना रीतसर द्यावयाचे, हा या मुलुखाचा दस्तूर त्यांनी मोठ्या ममत्वाने सांगितला. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जिवास एक दिवस का होईना पाहुण्याचा मान मिळावा, ही कल्पना मला फार उदात्त वाटली.

आपल्या कोल्हापूरकडे आषाढात बेंदराला मातीचे बैल पुजतात. येथे मात्र आजचा पोळा खऱ्या बैलांचा आणि उद्याचा, भाद्रपद प्रतिपदेचा ‘तान्हा पोळा’ सर्वस्वी मुलांचा असतो. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजीराजांनी १८०६ साली तो सुरू केला, अशी परंपरा आहे. गोकुळपेठेच्या बाजारात चाकांवरचे लाकडी बैल मांडलेले पाहिले. तळहाताएवढ्यापासून मुलाच्या कमरेला लागतील एवढ्या उंचीपर्यंतचे.

ताईची मुले उद्याच्या बेताविषयी सकाळपासून विचारीत आहेत, आणि भाऊजी सर्व तजवीज आधीच करून चुकले असल्यामुळे एक अक्षर बोलत नाहीत. गुपित मला ठाऊक आहे. ते उद्या लिहीन.

तुझा आशीर्वाद असावा.

---

धरमपेठ, नागपूर
भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, रात्री

तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार.

आज सकाळी, कोठे जावयाचे हे न सांगताच, भाऊजींनी मुलांना गाडीत घातले आणि इतवारीत नेऊन उभे केले. तेथे मारबतींची, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक येत होती. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. इंग्रजांस अनुकूल झालेल्या बाकाबाई भोसल्यांविषयीचा रोष काळीच्या रूपाने प्रकट झाला, असे लोक मानतात. मागून येणारे ‘बडगे’ म्हणजे महागाईसारख्या चालू काळातील अनिष्टांचे पुतळे. रोगराई आणि संकटे घेऊन जा, असे आवाहन करीत लोक मारबती व बडग्यांना निरोप देतात व अखेरीस त्यांचे दहन होते. धाकटीने भयाने माझा हात घट्ट धरला, परंतु दृष्टी काही काढली नाही.

घरी परतताच दुसरे नवल उभे होते: वर्ध्याची आणि भंडाऱ्याची आतेमामेभावंडे आपापले बैल घेऊन ओसरीवर बसली होती. तिसरे नवल मला सर्वांत मोलाचे वाटते. ताईच्या सासऱ्यांनी लहानपणी ओढलेला, माळ्यावर पडून असलेला बैल, सुताराकडून नवी चाके बसवून आणि शिंगांना रंग देऊन, धाकटीच्या हवाली करण्यात आला. त्या वृद्ध गृहस्थांनी स्वतः त्याच्या गळ्यात घुंगरांची माळ घातली.

सायंकाळी वस्तीतल्या मैदानात तोरणाखाली मुलांनी बैलांची रांग लावली. तोरण तोडल्यावर मुले घरोघर गेली. प्रत्येक दारी बैलास कुंकू लावून, मुलांना ओवाळून हातावर ‘बोजारा’, म्हणजे खाऊ वा पैसे, ठेवण्यात आला. एरवी ज्यांना थोरांच्या मागून चालावे लागते, ती मुले आज पुढे होती, आणि थोर मंडळी पुरणपोळीचे ताट वाढून त्यांची वाट पाहत होती.

मुलांच्या सणासाठी खर्चाचा मोठा सरंजाम लागतो, असे आपण समजतो. परंतु आज मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते वस्तूमुळे नव्हते. आपल्या नकळत, कित्येक दिवस आधीपासून, कोणी आपला विचार करीत होते, सुताराकडे खेपा घालीत होते, नातलगांना पत्रे धाडीत होते, हे उमजल्याचा तो हर्ष होता. मुलांना सुटी शाळा देते. त्या सुटीचा सण करण्यासाठी मात्र घरातील थोरांना आपला वेळ आणि आपले मन द्यावे लागते.

म्हणून एक विनंती. पुढच्या बेंदराला सर्व नातवंडांना कोल्हापुरास एकत्र करावे, असे मी योजिले आहे. कुंभाराला मातीच्या बैलांची वर्दी तू आधीच देऊन ठेव, आणि मुलांच्या कानावर यातले काहीही जाऊ देऊ नकोस.

तुझा आशीर्वाद असावा.